दोषाची नक्कल

कालचा अपघाती दोष आज बुद्धिपुरस्सर आणला, तर तो गुण ठरतो काय? 1951 साली अमेरिकेत मेंफिस येथे ‘रॉकेट 88’ या गीताचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारचा ध्वनिवर्धक वाटेतच बिघडला होता. मुद्रक सॅम फिलिप्स याने त्याच्या कर्ण्यात कागद कोंबला आणि निघालेला घोगरा, फाटका स्वर तसाच मुद्रित केला. आज त्याच स्वरासाठी लोक धडधाकट यंत्रांतून मुद्दाम बिघाडाचा आभास निर्माण करतात.

हे ऐकून नाक मुरडण्यापूर्वी आपण मिरजेकडे दृष्टी वळवावी. तेथे एकोणिसाव्या शतकापासून सतारी व तंबोरे घडविले जातात. तंबोऱ्याची तार घोडीवरून मोकळी जाऊ देत नाहीत. घोडीचा माथा किंचित उतरता घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून, ती तार घोडीस निसटती स्पर्शेल असे करतात. त्यातून उमटणारी झणझणीत आस म्हणजेच जवारी. निर्मळ स्वराच्या अभिमान्यास हा दोष वाटेल. पण त्यावाचून तंबोरा मुका.

तथापि येथे एक भेद आहे. जवारी एकदा साधली की कायमची साधली, असे होत नाही. तारेच्या घर्षणाने घोडी झिजते आणि ती पुनः घासावी लागते. कोणास खुली जवारी हवी, कोणास बंद. दर वेळी कारागिरास नव्याने कान द्यावा लागतो. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन लाभले. त्याने नावाचे रक्षण होईल. कानाचे रक्षण ज्याचे त्यानेच केले पाहिजे.

मिरजेस वास्तव्य करून 1937 साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. तो आटोपशीरपणाच आदर्श मानणारा शिष्य खाँसाहेबांचे नव्हे, तबकडीचे अनुकरण करील.

नक्कल हे पाप नव्हे. सर्व शिक्षणाचा आरंभ तीतूनच होतो. परंतु फिलिप्सने बिघाड शोधला नव्हता. हाती आलेल्या बिघाडात त्यास काही जिवंत ऐकू आले व ते त्याने टाकले नाही. त्याचा फाटका स्वर आपणांस विकत घेता येईल. पण आपल्या हाती जे आले आहे ते ऐकण्याचे त्याचे धैर्य घेतले नाही, तर पूर्वसूरींचे ऋण फिटले असे आम्ही म्हणणार नाही.