चुकलं कोण?

चित्रांच्या पुस्तकातली पिल्लं एवढी हरवतात कशी, हे मला अजून उमगलेलं नाही. बदक असो, ससा असो नाहीतर हत्तीचं पोर, दुसऱ्या पानावर ते आईचा डोळा चुकवून निघालंच! मग अंधार, तळं, लांडगा वगैरे यथासांग पार पडतं आणि शेवटच्या पानावर आईची कूस. तात्पर्य : आईचं ऐकावं. बदलापुरात बसून नात सांभाळायची आणि एकच पुस्तक दिवसातून सहादा वाचायचं, यामुळे या शास्त्रात माझा बराच अधिकार झाला आहे.

पण दोष दर वेळी पिल्लाचाच कसा हो? बिअॅट्रिक्स पॉटरबाईंचा १९०२ सालचा पीटर ससा घ्या. आई बजावते, त्या मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका, तिथे तुमच्या बापाचं सारण झालं! आणि एवढं सांगून स्वतः छत्री घेऊन पाव आणायला चालू लागते. ईस्टमनच्या १९६० सालच्या पुस्तकात तर पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा आई घरट्यातच नसते. बिचारं माती उपसणाऱ्या यंत्राला आई समजतं. आमची हिरकणी बघा. गडाचे दरवाजे बंद झाले आणि अडकली ती आई. तान्हं आपलं घरीच होतं. तिला मात्र कोणी तात्पर्य सांगितलं नाही, उलट बुरुजाला तिचं नाव दिलं.

आणि दोन स्टेशनं अलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली; १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. त्यांनी कोणाचं ऐकलं नव्हतं? त्यांच्या पुस्तकात शेवटचं पान छापलंच नाही.

हे सगळं मला सुचलं ते २६ जुलै २०१९ च्या रात्री. सूनबाई मुंबईला कामावर गेलेली, गाडी अंबरनाथच्या पुढे सरकेना. तिथेच एका मैत्रिणीकडे राहते, असा फोन आला. त्याच रात्री बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराच्या वर माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. आमच्याकडे दिवे गेलेले. मेणबत्तीच्या उजेडात पीटरचं पारायण चाललं होतं.

"आजोबा, आईला पाऊस दिसला नव्हता?"

"दिसला असेल गं. पण ती तुझ्या खाऊसाठी गेली ना!"

"पीटरपण खाऊसाठीच गेला होता."

मी पुस्तक मिटलं. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला यावर उत्तर सुचू नये! पोर झोपलं, मी मात्र दाराच्या कडीचा आवाज ऐकत पहाटेपर्यंत जागा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाई गुडघाभर चिखलात माखून दारात उभी राहिली. नात तिला बिलगली नाही. कमरेवर हात ठेवून तिने आधी नीट न्याहाळलं. पुस्तकात पळपुट्या पीटरला रात्री काढ्यासारखा चहा पाजतात आणि शहाण्या भावंडांना दूध-पाव. ते पान हिला तोंडपाठ.

"आजोबा," ती म्हणाली, "हिला नुसता चहा."

सूनबाईने दोन कप घेतले.