दुसरा फिल्टर

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण ९,००० लिटर हवा लागते. पेट्रोल आपण पंपावर पैसे मोजून घेतो, आकड्यावर डोळा ठेवतो. हवा मात्र गाडी आपली आपणच ओढून घेते. जशी वाट, तशी हवा. आणि मुलांच्या ११० सीसीच्या छोट्या डर्ट बाइकची वाट म्हणजे मुरूम आणि माती. पुणे-नाशिककडे मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींची आवड जुनी आहे. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात अशाच शर्यतींच्या सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, त्यानंतर आणखी काही घरांत ‘मलाही हवी’ असा हट्ट सुरू झाला असेल. पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीतून मागचं पोर आनंदाने गाडी काढतं. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, सिलिंडरच्या लोखंडापेक्षाही कठीण. ते आत गेले की सिलिंडरला आणि पिस्टनच्या रिंगांना ओरखडे पडतात, इंजिनाचा दम कमी होतो, पुढे निळसर धूर दिसू लागतो. हे सगळं अडवायला सीटखाली किंवा बाजूच्या झाकणामागे एक स्पंज, म्हणजेच हवेचा फिल्टर, बसवलेला असतो. हातात मावेल एवढा.

या स्पंजाची भोकं धुळीच्या कणांपेक्षा मोठी असतात. कण अडतात ते त्याला चोळलेल्या चिकट तेलामुळे. म्हणून धुऊन लख्ख केलेला, पण कोरडाच बसवलेला फिल्टर दिसायला छान असला तरी बारीक धूळ त्यातून सरळ आत जाते. धुण्याचं काम तसं सोपं आहे. झाकण काढायचं, फिल्टर अलगद उचलायचा आणि हवा आत जाण्याच्या तोंडाशी लगेच स्वच्छ फडकं लावायचं, म्हणजे सुटलेली माती आत पडत नाही. मग मोकळ्या जागेत, आगीपासून लांब, रॉकेलमध्ये किंवा फिल्टरसाठी मिळणाऱ्या क्लीनरमध्ये स्पंज दाबून दाबून धुवायचा. पेट्रोल वापरायचं नाही. ते भडकतं आणि स्पंजाचे जोडही सोडवतं. नंतर कोमट साबणपाणी, मग साधं पाणी. पिळायचा मात्र कधीच नाही, पिळला की फाटतो. सावलीत पूर्ण वाळला की फिल्टरचं तेल सगळीकडे सारखं मुरेल असं चोळायचं आणि जास्तीचं दाबून काढायचं. बसवण्याआधी एकदा उजेडासमोर धरून बघावं. जोड सुटला असेल, बोटाखाली भुगा होत असेल, तर धुण्यात अर्थ नाही, नवा आणावा. फार महाग वस्तू नाही ती. (रोजच्या मोटारसायकलीतला कागदी फिल्टर वेगळा. तो धुवायचा नसतो, वेळ झाली की बदलायचाच.)

हे काम करताना मुलं फिल्टर बघून नाक मुरडतात. ‘शी, किती घाण झालाय!’ त्या वेळी त्यांना जरूर सांगावं की तो घाण झाला म्हणून इंजिन स्वच्छ राहिलं. मळणं हेच त्याचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. आपल्या बहुतेक घरांत असं एक माणूस असतं. कुणाची चिडचिड, कुणाच्या ऑफिसातला वैताग, शेजाऱ्यांची कुरकुर, नातेवाइकांचे रुसवे, सगळं आधी त्याच्यापाशी येऊन थांबतं. घरात शांतता असते, कारण बरंचसं त्याने पुढे जाऊच दिलेलं नसतं. कधी ती आई असते, कधी थोरली वहिनी, कधी फारसं न बोलणारे बाबा. असं माणूस एखाद्या संध्याकाळी तुटक बोललं तर आपण पटकन म्हणतो, ‘तुला काय झालं आता?’ खरं तर त्या दिवशी त्याच्यापाशी बरंच काही साठलेलं असतं. त्याला दुपारची झोप मिळाली, कामातून सुट्टी मिळाली, तरी तेवढ्याने भागत नाही. विश्रांतीनंतर थोडा ओलावाही लागतो. कुणीतरी शेजारी बसून विचारावं, ऐकावं, मध्येच सल्ला देऊ नये. तो ओलावा मिळाला की तेच माणूस उद्या पुन्हा सगळ्यांचं हसून ऐकून घेतं.

नियमाने डर्ट बाइक चालवणारे बरेच जण दोन फिल्टर ठेवतात. एक गाडीत, दुसरा धुऊन, तेल लावून, पिशवीत बांधून तयार. मळलेला काढला की लगेच तयार असलेला बसतो. त्यामुळे धुतलेला स्पंज निवांत वाळू शकतो, आणि ओल्या फिल्टरवरच गाडी काढायची घाई होत नाही. मला ही सवय फार आवडते. घरात मात्र आपण एकाच माणसावर वर्षानुवर्षं गाडी चालवतो, कारण ते तक्रार करत नाही. दुसरा फिल्टर आपल्यालाही होता येईल. आत्याचा फोन आज आपण घ्यावा आणि तिचं शेवटपर्यंत ऐकावं. सोसायटीच्या पाण्याच्या भांडणात आज आपण उभं राहावं. शाळेतून चिडून आलेल्या लेकीशेजारी अर्धा तास आपण बसावं. कामावर निघण्याआधी घरातल्या त्या माणसाला एवढंच सांगा, ‘आज संध्याकाळचं मी बघतो’ किंवा ‘मी बघते’. आणि संध्याकाळी सांगितलेल्या वेळेला घरी पोहोचा.