लांडग्याचे दूध आणि माणसाचा सहवास

श्रीचक्रपाणिप्रभूंच्या फलटणहून दक्षिणेकडे निघाले म्हणजे माण, खटाव आणि पुढे सांगलीकडील आटपाडी, जत असा अल्प पावसाचा माळमुलूख लागतो. हा मेंढपाळांचा मुलूख आहे, तसाच तो लांडग्याचाही आहे. रात्री वाघरीत मेंढरे कोंडलेली असतात, बाहेर कुत्री राखणीला असतात आणि वाघरीच्या कडेला धनगराचे लेकरू घोंगडीत निजलेले असते. लांडगा, मेंढरू आणि मनुष्याचे अपत्य ही तिन्ही इतक्या जवळ नांदतात, की लांडग्याने मूल उचलून नेले व स्वतःच्या पिलांत वाढविले, ही जगभर सांगितली जाणारी कथा या माळावर ऐकणाऱ्याला अशक्य वाटत नाही. परंतु कथा शक्य वाटणे वेगळे आणि ती खरी असणे वेगळे. शिवाय या कथेच्या पोटात एक धर्मविषयक प्रश्न दडलेला आहे. मनुष्याचे मनुष्यपण कोठून येते? आणि ज्याला ते दिसण्याजोगे लाभले नाही, त्याच्याविषयी इतरांचे कर्तव्य कोणते?

प्रथम कथेचाच विचार करू. आपल्या देशातील अशा वार्तांपैकी सर्वांत गाजलेली वार्ता बंगालमधील मिदनापूरची होय. तेथील अनाथाश्रमाचे चालक रेव्हरंड सिंग यांनी १९२० साली लांडग्याच्या गुहेतून दोन मुली आणल्याचे सांगितले. त्यांची नावे कमला व अमला अशी ठेवण्यात आली. धाकटी १९२१ मध्ये व थोरली १९२९ मध्ये निवर्तली. मुली हातापायांवर धावत, कच्चे मांस खात, रात्री ओरडत, असे वर्णन सिंग यांच्या दैनंदिनीत होते. ती १९४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली व समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. याहून जुनी गोष्ट आग्र्याजवळील सिकंदरा अनाथाश्रमातील दीना शनिचरची. त्याला १८६७ मध्ये तेथे आणले गेले. १८९५ साली मृत्यू येईपर्यंत तो बोलावयास शिकला नाही.

या वार्तांची परीक्षा करण्यास दूर जावयाचे कारण नाही. माणदेशातील कोणताही मेंढका सांगेल, की ज्या मेंढीचे कोकरू मेले तिच्यापुढे दुसरीचे कोकरू नेले, तर ती ते हुंगते आणि ढुशी देऊन दूर लोटते. माणसाने तिला धरून ठेवावे लागते, तेव्हा कोठे ते पोरके कोकरू दूध पिते. स्वजातीच्या पिलाची ही कथा, मग परजातीच्या पिलाची काय असावी? त्यातही लांडगी आपल्या पिलांना सुमारे दोन महिनेच अंगावर पाजते. वर्ष सरण्याच्या आत ती पिले कळपाबरोबर शिकारीस निघतात. मनुष्याचे मूल त्या वयात धड उभेही राहत नाही. लांडगीचे दूध आटल्यावर त्याला वर्षानुवर्षे कोणी पोसावयाचे? अन्नाच्या शोधात कोस-कोस फिरणाऱ्या कळपामागे त्याने कसे जावयाचे? स्वभाव आणि काल ही दोन्ही या कथेच्या विरुद्ध साक्ष देतात.

मग ती मुले कोण होती? मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९५९ मध्ये असे प्रतिपादन केले, की लांडग्यांची म्हणून ओळखली गेलेली मुले बहुधा स्वमग्नतेसारख्या व्याधीने ग्रस्त असून आईबापांनी टाकलेली असावीत. २००७ साली सर्ज आरोल या फ्रेंच संशोधकाने जुनी कागदपत्रे तपासून मिदनापूरची हकीकत बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. मुली खोट्या नव्हत्या, त्यांचे दुःखही खोटे नव्हते. खोटा होता तो लांडगा. ज्या मुलाला बोलता येत नाही, चालता येत नाही, त्याला माणसांनी रानात सोडले आणि पुढे ते सापडले, तेव्हा माणसांनीच म्हटले की हे लांडग्याचे आहे. या एका वाक्याने टाकणाऱ्याचा दोष झाकला गेला आणि टाकलेल्याचे मनुष्यपण हिरावले गेले. पशूवर पालकत्वाचा आरोप करून मनुष्य आपल्या पालकत्वातून मोकळा झाला.

माणसाच्या सहवासावाचून मूल माणसासारखे वाढत नाही, हे मात्र खरे आहे. त्यास पुरावा रानातला नाही, वाड्यातला आहे. मनुष्याची मूळ भाषा कोणती हे पाहण्यासाठी अकबर बादशहाने काही तान्ही मुले अशा दायांच्या हाती दिली, की ज्यांनी त्यांच्याशी एक अक्षरही बोलावयाचे नव्हते. १५८२ साली बादशहा ती वास्तू पाहावयास गेला, तेव्हा मुलांच्या मुखातून मुक्यांच्या आवाजावाचून काही निघाले नाही. त्या वास्तूस लोकांनी गुंगमहाल म्हटले. अमेरिकेत लॉस एंजलिस येथे १९७० साली तेरा वर्षांची एक मुलगी आढळली. तिला घरच्यांनीच एका खोलीत डांबून वाढविले होते. पुढे तिला पुष्कळ शब्द आले, पण वाक्यरचना अखेरपर्यंत साधली नाही. या दोन्ही ठिकाणी लांडगा नव्हता. अन्न होते, निवारा होता. नव्हते ते बोलणारे, हाक मारणारे माणूस.

यावरून काही जण असे अनुमान काढतात, की भाषा व रीत समाजाने दिली म्हणून मनुष्यपणही समाजानेच दिले, आणि ज्याला भाषा नाही तो पशुतुल्य होय. येथे साधकाने सावध व्हावयास हवे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार पदार्थ आपल्या शास्त्राने स्वतंत्र सांगितले. वाचा आणि चाल ही देहाची, म्हणजे प्रपंचातील. ती सहवासाने फुलते, सहवासाच्या अभावी कोमेजते. जीव मात्र कोणत्याही समाजाने घडविलेला नाही. तो बद्धमुक्त आहे. देहाच्या उणिवेने जीवाची योग्यता उणी ठरविण्याचा अधिकार कोणाला पोचतो? रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंचे वर्तन पाहून लोकांनी त्यांना वेडे म्हटले होते, हे स्मरले तरी बाह्य वर्तनावरून निवाडा करणारी जीभ आवरेल.

फ्रान्समधील आवेरों प्रांताच्या रानात १८०० साली हाती लागलेल्या एका मुलाची हकीकत येथे बोधप्रद आहे. इतार नावाच्या तरुण वैद्याने त्याला काही वर्षे शिकविले. मुलगा बोलता झाला नाही. त्याचा सांभाळ करणाऱ्या बाईचा पती वारला, तेव्हा त्याने नित्याप्रमाणे त्या गृहस्थाचे ताट मांडले. बाईला रडताना पाहून तो खिन्न झाला, ते ताट उचलून त्याने जागेवर नेऊन ठेवले आणि पुन्हा कधी ते मांडले नाही. ज्याला शब्द नाहीत त्यालाही परदुःख कळले. त्या बाईने १८२८ मध्ये त्याचा अंत होईपर्यंत त्याला सांभाळले. इतार यांनी त्याला शिकविणे सोडले, तिने सांभाळणे सोडले नाही. या हकीकतीत धर्म कोठे आहे हे वेगळे सांगावयास नको.

सहवासाचे महत्त्व आणि जीवाची योग्यता ही दोन्ही एकत्र धरली, की कर्तव्य स्पष्ट होते. निरूपण संस्कृतात झाले तर म्हाताऱ्या नागवल्या जातील, या चिंतेने नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. ज्याच्यापर्यंत शब्द पोचत नाही, त्याच्यापर्यंत तो पोचविणे ही ज्याला शब्द मिळाला त्याची जबाबदारी, असा त्याचा अर्थ आहे. बहिऱ्या मुलाला कोणी हातांच्या खुणांची भाषा दिली, तर तेही बोलते होते. न दिल्यास भरल्या घरात त्याचा गुंगमहाल होतो.

कृष्णाकाठी, कऱ्हाड-वाळव्याच्या उसात, अलीकडच्या वर्षांत तोडणीच्या वेळी बिबट्याची पिले सापडतात. वनविभागाचे लोक ती पिले त्याच फडात सुरक्षित ठेवतात, माणसांना दूर करतात, आणि रात्री मादी येऊन आपली पिले घेऊन जाते. हे फार चांगले होते. सर्वज्ञांनी पारध्यांपासून सशाला अभय दिले, त्या दयेशी ते सुसंगतच आहे. पण त्याच फडाच्या बांधावर बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांची लेकरे असतात. पहाटे आईबाप कोयता घेऊन जातात. तान्हे झोळीत असते आणि सहा-सात वर्षांची बहीण, शाळा सोडून, त्याची आई होते. गाळपाचे चार-सहा महिने त्या मुलांशी कोण बोलते, त्यांना अक्षर कोण दाखविते? त्यांत एखादे मुके वा मंद असेल, तर त्याच्याकडे कोण पाहते? बिबट्याच्या पिलासाठी फड थांबतो, तोडकऱ्याच्या पिलासाठी तो थांबत नाही.

लांडगा कोणाचे मूल वाढवीत नाही आणि तसे वचनही त्याने कधी दिलेले नाही. ते वचन मनुष्याचे आहे. म्हणून दाराशी, बांधावर वा आश्रमाच्या पायरीशी असे न बोलणारे लेकरू दिसले, तर ते कोणाचे हा प्रश्न नंतरचा आहे. आधी त्याच्यापाशी बसून त्याला नावाने हाक मारावी.