दशार्णाची राजकन्या

रडून झालं असेल तर तोंड धुऊन ये. झालं नसेल तर इथंच बसून रड, मला घाई नाही. पण ‘बाई, माझं काय चुकलं’ हे पालुपद पुन्हा लावलंस तर चहा मिळणार नाही. सकाळपासून सातव्यांदा विचारलंस. मोजलंय मी. आयुष्यभर पोरींच्या चुका मोजायचाच पगार घेतला.

काही चुकलेलं नाही तुझं. तुझ्या रंगात, तुझ्या हाताच्या चवीत, बाळंतपणानंतर सुटलेल्या अंगात कारण शोधत बसू नकोस. नवऱ्यानं काय सांगितलं? मी आतून बाई आहे, कळायला लागल्यापासून आहे. कळायला लागलं तेव्हा तो सात-आठ वर्षांचा, आणि तू साताऱ्यात माझ्या शेजारच्या बोळात फ्रॉक घालून लंगडी घालत होतीस. त्यात तू काय चुकणार, कपाळ?

चुकलीस ती नंतर. रात्री दोन वाजता त्यानं तोंड उघडलं. सकाळी दूध तापायच्या आत तुझा फोन आईला. आईचा मामाला. अकरा वाजता तुझा भाऊ त्याच्या ऑफिसच्या खाली उभा. संध्याकाळी मावशी हजर, पर्समध्ये कुठल्याशा महाराजांचा पत्ता. लग्नाची चौदा वर्षं ज्यानं एक वाक्य घशात धरून ठेवलं, ते तू एका दिवसात चार घरांत वाटून टाकलंस. ते वाक्य त्यानं तुला सांगितलं होतं गं. खानदानाला नाही.

शिखंडीची गोष्ट तुला ठाऊक आहे, भीष्मासमोर उभा केला तेवढीच. उद्योगपर्वात त्याच्या लग्नाची गोष्ट आहे ती कुणी सांगत नाही. द्रुपदानं मुलगी मुलगा म्हणून वाढवली आणि दशार्णाच्या हिरण्यवर्म्याची लेक तिला करून आणली. त्या पोरीला खरं कळलं, तिनं लाजत दायांना आणि सख्यांना सांगितलं. दायांनी निरोप धाडला आणि बाप सैन्य घेऊन पांचालावर चालून आला. शिखंडी जीव द्यायला रानात गेला. तिथं यक्ष भेटला, त्यानं आपलं पुरुषपण उसनं दिलं म्हणून निभावलं. हिरण्यवर्म्यानं बायका पाठवून खात्री करून घेतली, जावयाला हत्तीघोडे दिले, आणि जाताना बोलणी कुणाला बसली? लेकीला. खोटा निरोप पाठवलास म्हणून! खरं बोललेली ती एकटी. तिला काय वाटलं, रात्री झोप लागली का, हे व्यासांनीही विचारलं नाही. तिथं तिचं नावसुद्धा नाही.

मी तुला विचारते आहे, म्हणून कान उघडे ठेवून ऐक. सैन्य गोळा केलंस की पहिली चिरडली जातेस तूच. आता घरात जो तो त्याच्याबद्दल बोलतोय. तू जेवलीस का, हे आज माझ्याखेरीज कुणी विचारलं?

त्या महाराजांचा पत्ता आण इकडे. बंब पेटवायला होईल. आणि भाऊ म्हणतो तो ‘सरळ करून देणारा’ डॉक्टर? 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असले उपचार म्हणजे गैरवर्तन ठरवलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं तर 2019 मध्येच असं असणं मनोविकारांच्या यादीतून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं 2014 सालीच सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं सांगायचं. त्या खटल्यात तृतीयपंथीयांसाठी लढणाऱ्या आपल्या गौरी सावंतही होत्या. यातलं काही तुला माहीत नव्हतं हे मान्य. पण हातात दिवसभर मोबाइल, साबुदाण्याचे वडे फुटू नयेत म्हणून तीन व्हिडिओ बघतेस, आणि जन्माच्या जोडीदाराबद्दल माहिती मावशीकडून घेतेस?

डॉक्टर गाठायचाच तर तुझ्यासाठी गाठ. समुपदेशकाकडे तू जा, एकटी. त्याला बदलायला नाही, तुला झोप यावी म्हणून.

‘चौदा वर्षं खोटी होती’ म्हणालीस, तिथं मात्र मी गप्प बसले. कारण तिथं तुझं खरंच दुखतंय. गेल्या दिवाळीत इथं येऊन मिरवलं होतंस, आमचे हे साडीच्या दुकानात दोन-दोन तास बसतात, काठ बोटांवर घेऊन बघतात, दुसऱ्यांचे नवरे बाहेर गाडीत पेंगतात. आता तीच आठवण तुला डसते. कुणासाठी बघत होता, म्हणतेस. मला विचारशील तर तुझ्यासाठीही आणि स्वतःसाठीही. काठ खरे होते, तुझ्या अंगावर ती साडी बघून त्याचं उजळलेलं तोंडही खरं होतं. पण नवरा म्हणून जो माणूस तू मनात बांधला होतास तो गेला, आणि ज्याचं सुतक धरायचं तो समोर बसून पोळी खातोय. या दुःखाला आपल्याकडे दहावा-तेरावा नाही. म्हणून ते कसं करायचं ते कळत नाही तुला. मलाही नाही कळत. रागाव, भांड, उशी फाड. फक्त न्यायाधीश होऊन बसू नकोस.

नववीत एव्हरेस्टचा धडा शिकवला होता, आठवतंय? 1953 साली शिखर सर झाल्याची बातमी लंडनला पोचवली तो वार्ताहर, जेम्स मॉरिस. 1972 मध्ये कासाब्लांकाला शस्त्रक्रिया करून ती जॅन मॉरिस झाली. हे मी वर्गात सांगितलं नव्हतं, तेव्हा धीर झाला नाही. तेव्हाच्या कायद्यानं त्यांना घटस्फोट घ्यावा लागला, तरी बायको एलिझाबेथ तिच्याबरोबरच राहिली आणि 2008 मध्ये दोघींनी पुन्हा रीतसर नोंदणी केली. हुरळू नकोस. एलिझाबेथला लग्नाआधीच सांगितलेलं होतं, तुला चौदा वर्षांनी. तो हिशेब त्यानं तुला द्यायचा आहे, आणि तो मागायला तू लाजू नकोस. भीती वाटत होती हे कारण आहे, माफी नव्हे.

राहायचं नसेल तर नको राहूस. परस्परसंमतीनं वेगळं व्हायला हिंदू विवाह कायद्यात कलम 13 ब आहे, एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज. त्यात कुणाला नालायक ठरवायची गरज नाही. त्यागमूर्ती होऊन राहिलीस तर मला आवडणार नाही, आणि आईनं बॅग भरली म्हणून निघालीस तर त्याहून नाही. पण हे या महिन्यात ठरवायचं नाही. घरात मयत झालं तरी लगेच मोठं काही ठरवत नाहीत आपण.

आणि मघापासून मी ‘तो’ म्हणते आहे. जीभ वळत नाही, जुनं खोड आहे. तू विचारलंस का, तुला काय म्हणू म्हणून? नाही ना. भावाला ऑफिस दाखवलंस, पण हा एक प्रश्न राहिला.

लेकीला आजोळी ठेवून आलीस, तिला काय सांगितलंस? ‘बाबांना बरं नाही’? अकरा वर्षांची आहे ती, रोज रात्री कुठला आजार म्हणून मोबाइलवर शोधत असेल. दोघांनी मिळून सांगा, तिला कळेल तेवढंच, आणि मामाच्या आधी.

पुण्याची गाडी दर थोड्या वेळानं आहे, जेवून जा. आधी ते मंगळसूत्र टिश्यूतून काढ बघू. घालायचं की नाही ते तुझं तू बघ, पण डबीत ठेव. कागद ओला झालाय, मण्यांना चिकटेल.