पेशी आखडत नाही

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात, सिएरा हुआरेसच्या डोंगरमाथ्यावर, वर्षाचा बराच काळ ढग झाडांना लागूनच असतात. तिथल्या फांद्यांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाड वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात ‘थोरियस आर्बोरियस’ हा सॅलमँडर राहतो. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, पूर्ण वाढल्यावरही, तो दोन सेंटिमीटर भरत नाही. दिसायला पालीसारखा, पण नात्याने बेडकाचा भाऊबंद. सह्याद्रीत सॅलमँडर नाहीत. भारतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येला तेवढे आढळतात. थोरियस या प्रजातीतले सॅलमँडर तर जगातल्या सर्वांत लहानांपैकी आहेत.

एवढे लहान व्हायचे तर मोठ्या सॅलमँडरचेच सगळे अवयव त्याच प्रमाणात बारीक झाले की पुरे, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही, कारण शरीर लहान झाले तरी पेशी लहान होत नाही. पेशीचा आकार तिच्यातल्या डीएनएच्या साठ्यावर बराच अवलंबून असतो आणि सॅलमँडरांमध्ये हा साठा माणसाच्या कित्येक पट असतो. साहजिकच त्यांच्या पेशी थोराड असतात. घर लहान करायचे आणि विटा मात्र मोठ्याच, अशी ही अडचण. मग काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवावेच लागते.

थोरियसने डोळे आणि मेंदू राखले. इवल्याशा डोक्यातली बहुतेक जागा त्यांनी व्यापली आणि हाडांना माघार घ्यावी लागली. कवटीच्या छताची हाडे इतकी अपुरी राहतात की मेंदूवर काही ठिकाणी हाडाचे आच्छादनच नसते. जेम्स हँकन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने या सांगाड्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट मनगटाची आहे. मनगटातल्या छोट्या हाडांची मांडणी एकाच जातीत वेगवेगळी असते. कधी तर एकाच प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या हातांतही ती जुळत नाही. म्हणजे लहानपणाने नुसती काटछाट झालेली नाही, शरीराच्या घडणीत नव्या वाटाही फुटल्या आहेत.

या सॅलमँडरांना फुप्फुसे नसतात. श्वास त्वचेतून आणि तोंडातल्या अस्तरातून चालतो, आणि त्यासाठी त्वचा सतत ओली लागते. शरीर जितके लहान, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त आणि सुकण्याचे भयही जास्त. अंडी पाण्यात घालण्याची मात्र गरज नसते. पोहणाऱ्या पिल्लांची अवस्थाच नाही. ओलसर आडोशाला घातलेल्या अंड्यांतून थेट इवले सॅलमँडर बाहेर पडतात. त्यामुळे ओढ्यावाचून चालते, ओल्या शेवाळावाचून आणि कुजत्या ओंडक्यावाचून चालत नाही. मधल्या कोरड्या दऱ्या त्यांना ओलांडवत नाहीत. म्हणून डोंगर बदलला की बहुधा जातही बदलते. एकट्या मेक्सिकोत, आणि तेही बहुतेक पुएब्ला, वेराक्रूझ, वाहाका या पट्ट्यात, थोरियसच्या 25हून अधिक जाती ओळखल्या गेल्या आहेत.

ज्या लहानपणामुळे एवढ्या जाती घडल्या, त्याच लहानपणामुळे प्रत्येक जातीची सगळी दुनिया एखाद्या उताराएवढी राहिली. त्या उतारावरचे जंगल तोडले की ती जात पृथ्वीवरूनच जाते. 1970नंतरच्या दशकांत, एके काळी विपुल असलेल्या थोरियसच्या काही जाती दिसेनाशा होत गेल्या. उभयचरांना रोग जडवणारी कायट्रिड बुरशी त्या परिसरात पसरली तोही हाच काळ. 2016 साली आणखी तीन जातींना नावे मिळाली, आणि वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्या धोक्यात असल्याचेही त्याच वेळी नोंदवले.