पॉलीसारखी मैत्रीण

बलात्काराच्या कथेत लेखकाचं लक्ष साहजिकच दोघांवर असतं: ती आणि तो. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या दोन इंग्रजी कादंबऱ्या मात्र तिसऱ्याच मंडळींकडे बोट दाखवतात. घटना घडून गेल्यावर जे भोवती असतात, त्यांच्याकडे.

लॉरी हॉल्स अँडरसन यांची ‘स्पीक’ 1999 साली आली. अमेरिकेतल्या सिरॅक्यूजमधली मेलिंडा नुकतीच नववीत गेली आहे. सुट्टीतल्या एका पार्टीत वरच्या वर्गातल्या मुलाने तिच्यावर बलात्कार केला. तिने पोलिसांना फोन लावला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. पोलीस आले, पार्टी उधळली, आणि शाळा उघडली तेव्हा मेलिंडाला सगळ्यांनी वाळीत टाकलं होतं. का गं केलास फोन, एवढं एका मैत्रिणीने जरी विचारलं असतं तरी कादंबरी निम्म्यात संपली असती. आईवडिलांना दिसतात ते घसरलेले मार्क. चित्रकलेचे शिक्षक तेवढे तिला वर्षभर एकच विषय देतात, झाड, आणि चित्र बिघडलं की पुन्हा काढू देतात.

एक प्रसंग विसरता येत नाही. मेलिंडा शाळेच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर त्या मुलाचं नाव लिहिते, इतर मुलींना सावध करायला. नंतर पाहते तर खाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत भर पडलेली. तोवर एकटीच असलेल्या मुलीला तिथे पहिल्यांदा सोबत मिळते, तीही निनावी. याच पुस्तकाला 2010 साली मिसुरीतल्या एका प्राध्यापकाने अश्लील ठरवलं! आपल्यावरही तेराव्या वर्षी बलात्कार झाला होता, हे अँडरसन यांनी ‘शाउट’ या आत्मकथनात 2019 मध्ये सविस्तर लिहिलं.

दुसरी कादंबरी कॅनडाच्या ई. के. जॉन्स्टन यांची, 2016 ची: ‘एक्झिट, पर्स्यूड बाय अ बेअर’. शीर्षक शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधल्या एका रंगसूचनेचं. चीअरलीडिंग संघाची कर्णधार हर्मायनी हिला शिबिरात पेयातून गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार होतो. तिला काहीच आठवत नाही. पण पॉली ही मैत्रीण तिच्या पाठीशी ठाम उभी राहते. आईवडील तिलाच दोष देत बसत नाहीत, पोलीस अधिकारी नीट ऐकून घेते. दिवस गेल्याचं कळतं तेव्हा गर्भपाताचा निर्णय हर्मायनीचा असतो आणि भोवतीची माणसं तो मानतात.

हे फारच गोड आहे, असं कुणी म्हणेल. एवढी शहाणी माणसं एकाच मुलीच्या वाट्याला येतात कुठे? आक्षेप खरा आहे, आणि कादंबरी म्हणून ‘स्पीक’ उजवी आहे हेही खरं. तिच्या भाषेतला कडवटपणा जॉन्स्टन यांना जमलेला नाही. तरी मला दुसरं पुस्तक अधिक उपयोगाचं वाटतं. वाईट वागायचं कसं, ते समाज न शिकवता शिकतो. जिच्यावर बेतलं आहे तिच्याशी काय बोलावं, कधी गप्प बसावं, हे पंधरा-सोळाच्या मुलामुलींनी पाहिलेलंच नसतं. पॉली ते करून दाखवते. हर्मायनीच्या वतीने ती भांडते, पण तिच्या वतीने ठरवत नाही. आधार आणि ताबा यांतला हा फरक भल्याभल्या घरांत कळत नाही.

आपल्याकडची वाक्यं तर ठरलेली आहेत. तू तिथे गेलीसच कशाला. बभ्रा नको. उद्या लग्नाचं काय. बोलणारी माणसं पुष्कळदा प्रेमाचीच असतात, म्हणून ती वाक्यं जास्त लागतात. गंमत म्हणजे आपला कायदा याबाबतीत घरच्यांच्या पुढे आहे. बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती पीडित मुलाला किंवा मुलीला तपास आणि खटल्याच्या काळात साथ द्यायला ‘सपोर्ट पर्सन’ देऊ शकते. मुलीला सोबत लागते, हे नियम करणाऱ्यांना उमगलं.

मराठीत कुमारांसाठी लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: अत्याचाराची गोष्ट लिहायला घ्याल तेव्हा पहिलं प्रकरण त्या मुलीच्या मैत्रिणीवर लिहून पाहा. आणि शाळेच्या ग्रंथपालांनी ते पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवू नये.