मोटार आणि नर्मदेचे पाणी

मोटार घरी धुवावी की धुलाई-केंद्रात न्यावी, असा वाद निघाला म्हणजे स्वावलंबनाचा पक्ष आम्हांस सहज पटतो. परंतु इंदुरात नळास येते ते बहुतांशी नर्मदेचे पाणी. १९७८ पासून ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून, विजेच्या बळावर आणावे लागते. सकाळी त्याच पाण्याने देवास अभिषेक करावयाचा व घटकाभराने रबरी नळीने तेच चाकांवर सोडावयाचे, हे आम्हांस रुचत नाही. एक बादली आणि ओले फडके यांवर भागविणारे गृहस्थ आहेत; त्यांस आमचा नमस्कार! ज्यांस हे होणे नाही, त्यांनी पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या केंद्रात खुशाल जावे. मात्र पाणी कोठून येते व कोठे जाते, हे मोटार आत घालण्यापूर्वी विचारावे.